नाफ्टा: कामगाराचा हक्क मुख्य करारात यायला २६ वर्षं

फ्री ट्रेड करारांनी कामगारांचं काय होतं असा विषय निघाला की नाफ्टाचं, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराचं, नाव येतंच, पण ही गोष्ट १९९४ च्या बरीच आधीची आहे. मेक्सिकन मजुरांना अमेरिकेतल्या शेतांवर नेणारी ब्रासेरो योजना १९६४ ला बंद झाली, सीमेवरच्या गावांत माणसं रिकामी बसली, म्हणून १९६५ पासून मेक्सिकोने तिथे माकिलादोरा कारखाने येऊ दिले. सुटे भाग ड्युटी न भरता आणायचे, स्वस्त मजुरीत जोडायचे, माल परत अमेरिकेत. हुआरेझ, तिहुआना ही सीमेवरची मेक्सिकन शहरं यावरच वाढली, आणि लाइनवर बहुतेक तरुण मुली.

नाफ्टा १ जानेवारी १९९४ ला लागू झाला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या चियापास राज्यात झापातिस्तांनी, म्हणजे तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने, बंड केलं. कारण सरळ आहे, १९९२ ला मेक्सिकोच्या घटनेचं कलम २७ बदलून गावाच्या सामायिक जमिनी विकायला मोकळ्या केल्या होत्या आणि आता अमेरिकेचा सबसिडीवाला मका येणार होता, पावसावर मका घेणारा छोटा शेतकरी त्याच्यापुढे कसा टिकणार? कित्येकांनी शेती सोडली, कोणी कारखान्यात गेलं, कोणी सीमेपलीकडे.

अमेरिकेत युनियन आधीपासून विरोधात होत्या, आपल्या नोकऱ्या मेक्सिकोत जाणार हे त्यांना दिसत होतं. मग क्लिंटन सरकारने कामगारांसाठी एक वेगळा साइड करार जोडला, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. गुंतवणूकदाराला मुख्य करारातच परदेशी सरकारवर थेट दावा ठोकायचा हक्क दिला, पण युनियन करायला गेलेल्याला कामावरून काढलं तर काय, तर दोन देशांचे मंत्री बसून चर्चा करणार! दंड नाही, काही नाही. मेक्सिकोत तर कामगारांना न विचारताच मालक आणि सरकारधार्जिणी युनियन मिळून पगार-कामाचा करार करून टाकायचे, कित्येकांना आपली युनियन आहे हेच माहीत नसायचं.

१ जुलै २०२० ला नाफ्टाच्या जागी याच तीन देशांचा नवा करार (यूएसएमसीए) आला तेव्हा कुठे कामगार हक्क मुख्य मजकुरात आले आणि एकेका कारखान्याविरुद्ध तक्रार करायची सोय झाली. पहिली केस मेक्सिकोतल्या सिलाओच्या जनरल मोटर्स प्लांटची, २०२१ मधली. तिथे कामगारांनी जुन्या युनियनने केलेला करार मतदानात पाडला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंतिया ही स्वतंत्र युनियन निवडून आणली आणि त्याच वर्षी ८.५ टक्के पगारवाढ घेतली.