‘अजून तयार नाही’: बौद्धिक अक्षमता आणि पगारी नोकरीमागचा इतिहास

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाबरोबर जॉब कोच कामाच्या जागी जातो, तिथेच काम शिकवतो आणि माणूस रुळला की हळूहळू बाजूला होतो. आज ओळखीची झालेली ही पद्धत जेमतेम पन्नास वर्षांची आहे. त्याआधी नोकरीचा विषय काढला की एकच उत्तर मिळायचं: ‘तो अजून तयार नाही.’

गंमत म्हणजे ही माणसं काम आधीपासूनच करत होती, मिळत नव्हता तो पगार. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये एदुआर सेगँ यांनी अशा मुलांना शिकवता येतं हे दाखवलं आणि युरोप-अमेरिकेत निवासी शाळा निघाल्या. पुढे त्या शाळांच्या अवाढव्य संस्था झाल्या, शिकवणं मागे पडलं आणि संस्थेची शेती, धोबीखाना, स्वयंपाकघर रहिवाशांच्याच हातांवर चालू लागलं. या फुकटच्या राबण्याला उपचार म्हणत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने या कामालाही किमान वेतनाचा कायदा लागू केला. तेव्हा बऱ्याच संस्थांनी पगार देण्याऐवजी कामच बंद केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर संरक्षित कार्यशाळा, म्हणजे फक्त अपंग माणसांसाठी वेगळ्या काढलेल्या कामाच्या जागा, वाढल्या. त्यातल्या कित्येक पालकांनीच उभ्या केल्या, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मुलगा घरात बसून राहण्यापेक्षा चार माणसांत जाईल, एवढंच त्यांना हवं होतं. पाकिटं भरणं, सुटे भाग वेगळे करणं अशी कामं तिथे चालत. अमेरिकेत मोबदल्याचा हिशेब १९३८च्या श्रम कायद्यातल्या एका सवलतीने होई. अपंगत्व नसलेला कामगार तासाला किती नग करतो ते घड्याळ लावून मोजायचं. कार्यशाळेतल्या माणसाचे त्याच्या निम्मे झाले तर पैसेही निम्मे. इथे तयार होऊन माणूस पुढे बाहेर नोकरी करेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेकांची तयारी आयुष्यभर चालूच राहिली.

‘तो अजून तयार नाही’ या समजुतीला खरा धक्का दिला तो सायकलच्या ब्रेकने. इलिनॉय विद्यापीठातले मार्क गोल्ड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, ज्यांना ‘तीव्र मतिमंद’ म्हटलं जाई अशा तरुणांना मागच्या चाकाचा ब्रेक जोडायला शिकवलं. सुटे भाग ट्रेच्या खणांत ज्या क्रमाने लागतील त्या क्रमाने ठेवलेले. काही जणांसाठी प्रत्येक भागाची एक बाजू लाल रंगवलेली, म्हणजे तो कसा धरायचा ते बघताच कळावं. शिकवणारा फार बोलत नसे. चुकलं की एवढंच: ‘दुसऱ्या तऱ्हेने करून बघ.’ आणि ब्रेक जोडले गेले. मग शिकणाऱ्याला जमलं नाही तर चूक कोणाची? गोल्ड यांच्या मते शिकवण्याच्या पद्धतीची. एवढ्या एका वाक्याने ‘तो तयार आहे का?’ हा प्रश्नच उलटा झाला.

त्याच काळात अमेरिकेतच ओरेगॉनमध्ये टॉम बेलामी आणि व्हर्जिनियात पॉल वेमन याच प्रश्नावर काम करत होते. ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ हा क्रम फिरवून ‘आधी नोकरी, मग तिथेच प्रशिक्षण’ असा झाला. कारण साधं आहे: कार्यशाळेत शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या साहेबासमोर आपोआप उतरत नाही. १९८४ आणि १९८६च्या अमेरिकी कायद्यांनी या सहाय्यित रोजगाराला व्याख्या दिली, पैसा दिला.

पण नोकरी लागणं वेगळं, टिकणं वेगळं. काम येत असूनही नोकरी जाते ती सुपरवायझर बदलला, यंत्र बदललं, चहाच्या सुट्टीनंतर परतायला रोज उशीर झाला म्हणून. अमेरिकेत जॉब कोचची मदत सरकारी पुनर्वसन खात्याच्या पैशांतून मिळे, साधारण १८ महिने. २०१४च्या कायद्याने ती मुदत २४ महिने केली. त्यापुढचा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी निधीतून भागवायचा, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा टाका हाच आहे.

जुनं जग संपलंय असंही नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यात अटालिसा गावी राहणारी, बौद्धिक अक्षमता असलेली ३२ माणसं टर्की पक्षी सोलण्याच्या कामावर महिना ६५ डॉलरवर राबत होती. २००९ मध्ये हे थांबलं. कमी मोबदल्याची ती सवलत बऱ्याच राज्यांनी काढून टाकली, संघीय कायद्यात मात्र ती शिल्लक आहे. व्हरमाँट राज्याने शेवटची संरक्षित कार्यशाळा २००२ मध्येच बंद केली.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या बालरुग्णालयात एरिन रील या परिचारिकेची अडचण वेगळीच होती: आपत्कालीन विभागातल्या कपाटांत साहित्य भरून ठेवायला माणूस टिकत नव्हता. काम तेच तेच, पण चुकून चालणार नाही असं. तिने या कामावर बौद्धिक अक्षमता असलेले तरुण घ्यायचं ठरवलं. त्यातून उभा राहिलेला ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम आज अनेक देशांत चालतो, आणि त्यात शाळेचं शेवटचं वर्ष वर्गाऐवजी कामाच्या जागीच काढलं जातं.