पहिली भाकरी कुणी बघू नये

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्पर्धा सुरू झाली. पुण्यात खोली घेऊन राहणारा भाचा रोज बाहेरचं खातो, ही ताईची जुनी तक्रार. मग ठरलं, की घरी रांधलेल्या ताटाचा फोटो टाकायचा, एका ताटाला एक गुण आणि रविवारी बेरीज. सोलापूरहून आईने पुरणपोळ्या टाकल्या, वहिनीने भरली वांगी. भाच्याने एक भाकरी टाकली. काठाला चिरलेली, मध्ये करपलेली. खाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. पुढचे दहा दिवस त्याचा एकही फोटो आला नाही.

त्या रांगेत माझंही एक चिन्ह होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण असं का होतं हे मानसशास्त्राने कधीच दाखवून दिलं आहे.

चढाओढीने हात भरभर चालतो, हे जुनं निरीक्षण. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलेला स्वार वेगाने जातो असं दिसलं. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकट्याने, कधी जोडीने. १८९८ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात २० मुलं जोडीत वेगवान झाली असं लिहिलं आहे. १० जणांना फारसा फरक पडला नाही. उरलेल्या १० जणांचे हात मात्र चढाओढीच्या ताणाने गडबडले.

त्या शेवटच्या दहांचा उलगडा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये केला. कुणी बघतंय म्हटलं की आपण उत्तेजित होतो, आणि त्या अवस्थेत जे अंगवळणी पडलेलं असेल तेच हातून घडतं. सराव असेल तर काम आणखी सफाईने होतं. नवशिक्याच्या अंगवळणी मात्र चुकाच असतात. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. उजेडापासून पळणाऱ्या झुरळांना सरळ वाट दिली, तर आजूबाजूला दुसरी झुरळं ‘प्रेक्षक’ असताना ती जास्त वेगाने पळाली. वाट वळणांची केली, तर त्याच प्रेक्षकांसमोर ती रेंगाळली.

भाकरी ही माझ्या आईसाठी सरळ वाट आहे आणि भाच्यासाठी वळणांची. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हाच्या कणकेसारखं ते पीठ ताणलं जात नाही. कढत पाण्याने त्यातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि भाकरीला धरून ठेवतो. पाणी कोमट झालं, पिठाची विरी म्हणजे चिकटपणा गेला, तळहाताचा दाब काठाशी जास्त पडला, की ती फाटते. हे सगळं हाताला कळायला डझनभर भाकऱ्या बिघडाव्या लागतात. त्या बिघडताना आपल्याकडे कुणी बघत नसेल तर फार बरं.

स्वयंपाकाची अशी स्पर्धा लावणारी ॲप बनवणारे इथेच चुकतात, असं मला वाटतं. स्पर्धेच्या बाजूने पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६०२ नोकरदारांच्या मनगटावर पावलं मोजणारं यंत्र बांधलं होतं. नुसती पावलं मोजणाऱ्यांपेक्षा स्पर्धेच्या गटातले लोक रोज सरासरी ९२० पावलं जास्त चालले. खेळ बंद झाल्यावरही पुढचे १२ आठवडे फक्त याच गटाची आघाडी टिकली. पण चालणं सगळ्यांनाच येतं. रांधणं तसं नाही. चालण्याची गुणपत्रिका उचलून स्वयंपाकघरात लावली, तर ज्याला शिकायची खरी गरज आहे तोच आधी गळतो.

जपानच्या कुकपॅड या पाककृतींच्या ॲपची रीत मला म्हणूनच आवडते. तिथे दुसऱ्याने लिहिलेली कृती करून बघितली, की फोटो आणि दोन ओळी मूळ लिहिणाऱ्याला पाठवायच्या. जपानीत याला ‘त्सुकुरेपो’ म्हणतात, म्हणजे ‘करून पाहिल्याचा अहवाल’. माझी कृती किती जणांच्या घरी शिजली, हा तिथला मान. त्यांच्या मराठी विभागातही २०२० मध्ये ‘गोल्डन ॲप्रन’ नावाचा खेळ रंगला होता. दर आठवड्याला कोड्यातून शब्द शोधायचे आणि त्यातला एखादा घेऊन पदार्थ करायचा. ‘आज काय करू?’ हा रोजचा प्रश्न त्याने निम्मा सुटतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. एक दिवस चुकला की बऱ्याच ॲपमध्ये सलग दिवसांची मोजणी शून्यावर येते. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय मुरायला लागणाऱ्या दिवसांचा अगदी मधला आकडा ६६ निघाला, कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मग शून्य दाखवून माणसाला खचवायचं कशाला?

आणि गुण मुळात कुणाला द्यायचे? देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. शिवाय अशी कामं करणारे पुरुष होते जेमतेम २६ टक्के. आईला आणि वहिनीला पुरणपोळीची चढाओढ लावून आम्ही त्यांच्याच ओट्यावरचं काम वाढवत होतो.

म्हणून नियम बदलले. गुण फक्त घरात एरवी न रांधणाऱ्यांना, साध्या वरण-भातालाही पूर्ण एक. शिकणाऱ्याचा पदार्थ जमला की शिकवणाऱ्यालाही एक. फोटोची सक्ती नाही. भाचा रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावू लागला, कॅमेरा फक्त परातीवर.

“आजी, काठ फाटतोय.”

“पाणी निवलं असेल. परत मळ, घाई करू नकोस.”

तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती आणि खाली लिहिलं होतं, “आजीला एक गुण.”