ऑइल-बेस मड आणि ब्राइनचं रसायन

तेल-गॅसच्या विहिरी खणताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव, म्हणजे ऑइल-बेस मड, नुसतं तेल नव्हे, त्यात खारट पाण्याचे बारीक थेंब पसरलेले असतात आणि ते टिकतात की एकमेकांत मिसळून फुटतात हे बरंचसं त्या पाण्यात, म्हणजे ब्राइनमध्ये, कुठलं मीठ किती आहे त्यावर ठरतं. पुण्यात घराशेजारी बोअर मारतात ती काळ्या पाषाणात, कॉम्प्रेसरच्या हवेवर, तिथे असलं मड लागतच नाही, पण कोथरूडच्या एमआयटीत पेट्रोलियम शिकणाऱ्या पोरांना हे डोक्यात बसवावंच लागतं.

मीठ मुळात लागतं शेलसाठी, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या खडकासाठी. कैरीला मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसंच ब्राइन पुरेसं खारट असेल तर शेल मडातलं पाणी ओढून फुगत नाही. साधं मीठ २६ टक्क्यांच्या आसपासच संपृक्त होतं, तिथे पाण्याची ॲक्टिव्हिटी (पाणी किती मोकळं आहे त्याचं माप, शुद्ध पाण्याचं १) ०.७५ च्या खाली जातच नाही, म्हणून कॅल्शियम क्लोराइड घेतात, सहसा वजनाने २५-३० टक्के.

पण जास्त म्हणजे चांगलं असं नाही हां. थेंबांना धरून ठेवणारा साबण, म्हणजे इमल्सिफायर, मडातच तयार होतो, फॅटी ॲसिड आणि चुन्यापासून, आणि ब्राइन संपृक्त होऊन मिठाचे बारीक कण बाहेर पडले की ते कणच हा इमल्सिफायर खाऊन टाकतात, मग बॅराइट, म्हणजे मड जड करायला घातलेली खनिजाची पूड, पाण्याने भिजतं, गोळे होतात, मड गाळायच्या शेकरच्या जाळ्या चिकटतात. मिठाच्या थरातून जाताना साधं मीठ ब्राइनमध्ये शिरतं आणि दोघांत क्लोराइड सामाईक असल्यामुळे वर आणखी कॅल्शियम क्लोराइड टाकलं तर तेच साधं मीठ कण होऊन बाहेर पडतं, म्हणजे सुधारायला गेलो आणि बिघडलं. खणताना मॅग्नेशियमचं मीठ आडवं आलं तर ते चुना खातं आणि हायड्रॉक्साइडचा गाळ करतं. झिंक ब्रोमाइड तर ॲसिडिकच, चुना झपाट्याने संपवतं आणि इमल्शन, म्हणजे तेलात थेंब धरलेलं मिश्रण, मोडतं.

थेंब किती टिकतात हे कळायला रिगवर सगळे बघतात ते इलेक्ट्रिकल स्टॅबिलिटीचं मीटर: ५० अंशाला मडात व्होल्टेज वाढवत न्यायचं, करंट ६१ मायक्रोअँपियरला पोचला की तेव्हाचं व्होल्टेज हा आकडा. खरं सांगायचं तर एकटा आकडा फार काही सांगत नाही, कारण तो मीठ, तेल-पाण्याचं प्रमाण, घन कण सगळ्यांनीच हलतो, रोजचा कल बघायचा. आकडा घसरतोय म्हणून लगेच इमल्सिफायर ओतण्याआधी क्लोराइड, कॅल्शियम आणि उरलेला चुना टायट्रेशनने बघावा. मीठ जास्त झालं असेल तर नुसतं बेस ऑइल घालून काही होत नाही, ते मीठ तेलात विरघळतच नाही, थोडं गोडं पाणी हळूहळू द्यावं लागतं, सोबत इमल्सिफायर आणि चुना.