पंजा नसलेली रायफल

निवडणूक जाहीर झाली की गोव्यात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. गेल्या खेपेला सांग्याचे एक स्नेही जमा करण्याआधी आपली रायफल पुसत बसले होते. रेमिंग्टन 700, वडिलांनी नैरोबी सोडून घरी परतताना आणलेली. पुतण्या बघत होता. म्हणाला, "काका, ही पुश-फीड. हिला पंजा नाही. खरी रायफल म्हणजे माउझर." हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता उत्तर लिहायलाच हवे.

बोल्ट म्हणजे नळीचे मागचे दार बंद करणारा पोलादी दांडा. जुन्या घरांच्या दाराची कडी जशी उचलायची, सरकवायची आणि पाडायची, तसाच तो चालतो. जर्मनीच्या पाउल माउझरने 1898 च्या रचनेत या दांड्याच्या अंगाला एक लांब, रुंद पट्टी बसवली. मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसे भरून ठेवायच्या कप्प्यातून, काडतूस वर येते तेव्हाच त्याच्या बुडाची कड या पट्टीच्या नखाखाली सरकते. बार उडाल्यावर रिकामे कवच बाहेर ओढणारा हाच तो पंजा. पुश-फीडमध्ये बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो. ते पूर्ण आत बसले की शेवटच्या क्षणी एक छोटी नखी त्या कडेवरून टक् करून बसते.

आता यात गंमत कुठे आहे ते बघा. काडतुसाचे कवच पितळेचे असते. दारू पेटली की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे यायला वाट राहत नाही. .30-06 या मापाच्या काडतुसात हा दाब वातावरणाच्या सुमारे 4 हजार पटीपर्यंत चढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 4 टन. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 2 पट असतो. नळीतल्या पितळाला चहूबाजूंनी पोलादाचा आधार आहे. पण बूड थोडे मागे राहते, कारण नखीला ते पकडायचे असते. पितळ फाटले तर इथेच फाटणार, आणि वायू थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येणार. माउझरलाही हे कळले होते. त्याने वायू बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला भोके ठेवली. पण पंजा बाहेरून धरतो, त्यामुळे बुडाभोवती पोलादाचे अखंड कडे त्याला करता येत नव्हते.

रेमिंग्टन कंपनीने 1948 च्या 721 रायफलमध्ये ते केले, आणि 1962 ची 700 त्याच वंशातली. बोल्टच्या तोंडाला वाटीसारखा खळगा, त्यात बूड पूर्ण बसते. हे पहिले कडे. ती वाटी नळीच्या मागच्या टोकात कोरलेल्या खाचेत शिरते, हे दुसरे. नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घरात, आट्यांनी बसवलेली, हे तिसरे. नखी वाटीच्या आतच एका बारीक स्प्रिंगच्या रूपात असते, म्हणून कडे कुठे कापावे लागत नाही. पंजा नाही म्हणून जी रचना हिणवली जाते, तिची ताकद पंजा नसण्यातूनच आली आहे!

बाकीचे फायदे थोडक्यात. रिसीव्हर गोल दांड्यातून लेथवर कातता येतो, म्हणून सरळ आणि ताठ राहतो, नेमाला ते उपयोगी. एकच काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद केला तरी नखी पकडते. जुन्या लष्करी माउझरवर असे करू नये, पंजावर ताण येतो.

मग बदनामी कशाने? 1964 साली विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल 70 रायफलचा पंजा काढला आणि त्याच वेळी दस्त्यावरची कोरीव नक्षी जाऊन ठशाने दाबलेली आली. लोक चिडले ते स्वस्त कामावर, शिक्का बसला रचनेवर.

दोष आहे, आणि तो मी पुतण्याला डमी काडतुसे घालून दाखवला. बोल्ट पुढे नेला, पण मूठ खाली न पाडताच मागे ओढला. पहिले काडतूस चेंबरमध्येच राहिले, दुसरे मागून येऊन अडकले. समोर चवताळलेला हत्ती असता तर हे महागात पडले असते. आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीत माउझरला मान आहे तो यासाठी. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि व्हायलाच हवी होती. मग रायफल उलटी धरून बोल्ट चालवला. "पुश-फीड उलटी चालत नाही" ही शुद्ध अफवा. काडतूस अर्धे चेंबरमध्ये शिरेपर्यंत मॅगझिनच्या कडांनी धरलेले असते. ते सरळ आत गेले.

एका गोष्टीचे मात्र मला वाईट वाटले. दसऱ्याला शस्त्रपूजा करताना या घरात बोल्टच्या तोंडालाच हळदकुंकू लावतात, रायफल "जागी" राहावी म्हणून. गोव्याच्या दमट हवेत ती पूड ओल धरते आणि नेमकी नखीच्या खोबणीत जमते. काकांनी काडीला कापूस गुंडाळून खोबण पुसली, कापूस लाल झाला. तीनदा पुसल्यावर तेलाचा एक थेंब सोडून डमी काडतूस पुन्हा घातले. आधी दबकत बसणारी नखी या वेळी टक् करून बसली.