सांगलीची हळदपेठ: पेव, सौदा आणि महापूर

सांगलीच्या बाजारभावात हळदीच्या दोन ओळी असतात: राजापुरी आणि परपेठ. राजापुरी म्हणजे मिरज, वाळवा, तासगाव, पलूस या भागात आणि कृष्णेच्या खाली सीमेपलीकडच्या कर्नाटकात पिकणारी जाड, आखूड हळकुंडांची हळद. परपेठ म्हणजे दुसऱ्या पेठांतून आलेली: निजामाबादची, कडप्पाची, इरोडकडची सेलम. सांगलीला हळदीचे शहर कोणी केले, याचे उत्तर या दुसऱ्या ओळीत आहे. नुसत्या भोवतालच्या मळ्यांवर पेठ उभी राहिली असती तर ती तालुक्याची पेठ झाली असती. बाहेरचा माल इथे येऊन थांबू लागला, इथे त्याचा भाव ठरू लागला, आणि म्हणून सांगली देशभराची हळदपेठ झाली.

शहर तसे जुने नाही. 1801 मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या वाटणीतून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या एका लहान गावाची त्यांनी राजधानी केली. किल्ला, गणपतीचे देऊळ आणि त्यालगतच्या पेठा या त्यानंतरच्या. आजची घाऊक किराण्याची गणपती पेठ, सराफ कट्टा, कापड पेठ, हरभट रोड, मारुती रोड हा सगळा पसारा देवळापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत संपतो. नदी ओलांडायला आयर्विन पूल झाला तो 1929 मध्ये. त्याआधी पलीकडचा माल नावेतून किंवा पाणी उतरल्यावर नदीच्या उतारातून येई. रेल्वेचे मोठे जंक्शन सांगलीला नव्हे, मिरजेला मिळाले. मात्र तिथून मीटरगेजने पुणे, कोल्हापूर आणि हुबळी या तिन्ही दिशा उघडल्या आणि दक्षिणेचा माल सांगलीत आणणे व्यापाऱ्याला परवडू लागले. पैशाचीही सोय गावातच झाली. सांगली बँक 1916 मध्ये निघाली आणि 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन होईपर्यंत इथल्या व्यापाराची ती घरची बँक होती.

पण हळदच का? गूळ, शेंगा, मिरची हेही या पेठेचे माल. फरक असा की हळद टिकते, आणि टिकवली तर वर्षानंतरही विकता येते. लागण अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे, काढणी आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली हळद होते. काढल्यावर दोन-तीन दिवसांत ती शिजवावी लागते. पूर्वी मळ्यातच चुलाणावर काहील, म्हणजे मोठी पसरट कढई, ठेवून, कंद बुडून वर चार बोटे पाणी राहील इतके भरून, पाऊण ते एक तास उकळत. फेस वर आला, हळदीचा वास सुटला आणि कंदात गवताची काडी आरपार गेली की काहील उतरवायची. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आहेत. त्यांत वेळ आणि जळण दोन्ही कमी लागते.

पेठेत मालाची परीक्षा होते ती मळ्यातल्या याच तासाची. कमी शिजलेले हळकुंड आतून कच्चे राहते, असमान वाळते, मोडल्यावर दोन रंगांचे दिसते आणि त्याला भुंगा लवकर धरतो. जास्त शिजलेले मऊ पडते, त्याचा रंग काळवंडतो. वाळवताना थर दोन-तीन इंचांचा ठेवावा लागतो. त्याहून पातळ पसरली तर उन्हाने रंग उतरतो, जाड ठेवली तर आत बुरशी येते. दहा-पंधरा दिवसांत ओल आठ-दहा टक्क्यांवर येते. तेव्हा दोन हळकुंडे एकमेकांवर आपटली तर टणक आवाज येतो आणि मोडले तर कट्‌कन तुटते. खरेदीदार ढिगात हात घालून आधी हेच करतो. मग ड्रममध्ये घालून पॉलिश: मुळ्या, साल, माती निघते, वजन थोडे घटते, भाव वाढतो. हळकुंड, गड्डा (मधला मूळ कंद) आणि कणी (तुटके तुकडे) यांचे भाव निरनिराळे असल्याने प्रतवारी झालेली नसेल तर नुकसान शेतकऱ्याचे.

सगळी आवक तीन-चार महिन्यांत येते आणि खप बारा महिने चालतो. मधल्या काळात माल ठेवायचा कुठे, या प्रश्नाला सांगलीने जे उत्तर काढले ते दुसऱ्या कुठल्याच हळदपेठेला जमले नाही. ते उत्तर म्हणजे पेव.

शहरापासून तीन-चार किलोमीटरवर हरिपूर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावातली माती चिकट आणि घट्ट. खोल खणले तरी भिंत ढासळत नाही आणि नदी जवळ असूनही एरवी ओल आत झिरपत नाही. या मातीत तोंड अरुंद आणि पोट मोठे असे, साधारण 15 ते 25 फूट खोल खड्डे खणत. तोंड माणूस कसाबसा उतरेल इतकेच. तळाला आणि कडेने उसाचा पाला, चटया लावायच्या, म्हणजे हळद थेट मातीला लागत नाही. मग हळद सुटी ओतायची, पोत्यांत नव्हे. पोत्यांमधली पोकळी म्हणजे हवा, आणि पेवाचे सगळे गणित हवा कमी ठेवण्याचे. तोंडापर्यंत भरले की वर पाला, फरशी आणि मातीचा ढीग घालून बंद. ढिगाला उतार ठेवायचा, नाहीतर पावसाचे पाणी तोंडाशी साचते.

आत उजेड नाही, म्हणून रंग उतरत नाही. हवा बदलत नाही, आतला प्राणवायू संपत जातो, म्हणून कीड जगत नाही. तापमान बारा महिने जवळपास सारखे. औषध नाही, धुरी नाही, वीज नाही, आणि माल दोन-चार वर्षे जसाच्या तसा राहतो. अट एकच: आत जाणारा माल पुरता वाळलेला हवा. ओलसर हळद पेवात घातली तर कुजते, आणि ते कळते पेव उघडल्यावरच. म्हणून भरण्याआधीची तपासणी सगळ्यात कडक असे.

पेव उघडणे हे भरण्यापेक्षा जोखमीचे काम. जो प्राणवायूचा अभाव किडीला मारतो तो माणसालाही मारतो. तोंड उघडून काही तास, बरेचदा रात्रभर, तसेच ठेवायचे. मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचे नाही. घाई करून उतरलेली माणसे गुदमरून गेल्याची उदाहरणे पेवांच्या गावांत आहेत. धान्याची पेवे महाराष्ट्रात गावोगाव होती, पण एका व्यापारी मालासाठी गावच्या गाव पेवांचे होणे ही गोष्ट हरिपूरची.

साठवण झाली, आता सौदा. स्वातंत्र्यापूर्वीच्या पेठांत भाव रुमालाखाली ठरे. आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा, आणि खरेदीदार एकमेकांचा हात रुमालाने झाकत आणि बोटे दाबून आकडा सांगत. कोणते बोट किती, हे दोघांनाच ठाऊक; ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा. त्यावर आडत, हमाली, तोलाई, कडता (वजनातली कपात), नमुन्याला काढलेली मूठ, धर्मादाय अशी वजावट. 1928 च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने देशभरच्या बाजारांतल्या या वजावटींवर बोट ठेवून नियमन केलेल्या बाजारांची शिफारस केली. वऱ्हाडात त्याची सुरुवात आधीच झाली होती: कारंजाचा कापूस बाजार 1886 चा, वऱ्हाडचा बाजार कायदा 1897 चा. मुंबई इलाख्यात कापसासाठी 1927 मध्ये आणि सर्व शेतमालासाठी 1939 मध्ये कायदे झाले. सांगली मात्र संस्थान. इलाख्याचा कायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, शहर आधी दक्षिण सातारा आणि 1960 पासून सांगली या नावाच्या जिल्ह्यात आले. आज बाजार समिती चालते ती 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, आणि तिच्या क्षेत्रात मिरज, कवठेमहांकाळ व जत हे तालुके येतात.

वजनांचा बदलही याच काळातला. 1962 च्या सुमारास मेट्रिक वजने सक्तीची झाली आणि पेठेगणिक बदलणारा मण जाऊन क्विंटल आला. रुमाल जाऊन उघड बोली येण्याइतकाच याचा शेतकऱ्याला उपयोग झाला असे म्हणायला हरकत नाही, कारण मण किती शेरांचा आणि शेर कुठला, यात मुरलेले नुकसान त्याला मोजताच येत नव्हते.

उघड सौद्यात आडत्याच्या दुकानापुढे मालाचे ढीग किंवा फोडलेली पोती असतात. खरेदीदारांचा घोळका एका दुकानाहून दुसऱ्याकडे सरकतो, बोली मोठ्याने होते, शेवटचा आकडा नोंदला जातो, मग वजन आणि हिशेबाची पट्टी. नियमाप्रमाणे शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत. खरेदीदार मात्र उधारीवर उचलतो. मधली रक्कम घालतो तो आडत्या. आडत्याला नुसता दलाल समजणारे हा भाग विसरतात: तो पेठेचा सावकारही असतो, आणि एखादा खरेदीदार बुडाला की पहिला फटका त्यालाच बसतो. अर्थात ज्या शेतकऱ्याने त्याच्याकडून लागणीला उचल घेतली आहे तो माल दुसऱ्याच्या दुकानी नेऊ शकत नाही, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू.

साठा करणारी पेठ भविष्यातल्या भावावर पैज लावणारच. सांगलीत हळदीच्या वायद्यासाठी, म्हणजे पुढच्या तारखेचा माल आज ठरवलेल्या भावाने घेण्या-विकण्यासाठी, स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होते. साठच्या दशकाच्या मध्यात सरकारने बहुतेक मालांचे वायदे बंद केले, तेव्हा चालू राहिलेल्या मोजक्या मालांत मिरी आणि हळद होती. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या राष्ट्रीय वायदेबाजारावर 2004 पासून संगणकी वायदा आला आणि त्याचे मुख्य केंद्र निजामाबाद ठरले. भावाचा आकडा सांगलीत बोलला जाण्याऐवजी पडद्यावर दिसू लागला. चढउतार थांबले नाहीतच: 2010 मध्ये क्विंटलला 15 हजारांच्या पुढे गेलेला भाव दोन वर्षांत चार हजारांच्या आसपास आला. चढ्या भावात लागण वाढवायची आणि पडत्या भावात काढणीला यायचे, हे नऊ महिन्यांच्या पिकाच्या नशिबीच असते.

पेठेवर जगणारे लोक आडत्या-व्यापाऱ्यांपुरते नाहीत. हमाल आणि तोलाईदार आहेत, ज्यांना 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पॉलिश आणि दळपाचे कारखाने आहेत. हळकुंड, गड्डा, कणी वेगळे करणाऱ्या बायका आहेत. त्यांचे काम सगळ्यात बारीक आणि पेठेच्या इतिहासात त्यांची नोंद सगळ्यात कमी. त्यापुढची साखळी देवळांपर्यंत जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या केमला हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून कुंकू बनते. जेजुरीला आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा उधळतात. स्वयंपाकाला चालेल ती हळद आणि उधळायची भुकटी यांच्या प्रतीत फरक असतो आणि भावातही. पिवळ्या रंगाची भेसळ जास्त करून दळलेल्या मालात होते. म्हणून सांगलीकडची जुनी घरे आजही वर्षाची हळकुंडे एकदम घेतात आणि गिरणीत समोर दळून आणतात.

पेवांचा शेवट एका पावसाळ्याने केला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेले आणि हरिपूरच्या पेवांत शिरले. पेव पावसासाठी बांधलेले असते, चहूबाजूंनी दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या पाण्यासाठी नाही. माती भिजली, हळद फुगली, कुजली, भिंती ढासळल्या. पेवे नव्याने खणून इतकी रक्कम पुन्हा जमिनीखाली पुरायला व्यापारी धजेना. थोडी टिकली, पण पेठेचा साठा वर आला तो कायमचा. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ आठवडाभर पाण्यात होती. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. आता जुलै उजाडला की पेठेतले दुकानदार पुलावरचा आकडा पाहून खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवतात. पातळी 40 फुटांच्या इशाऱ्यावर पोचली की टेम्पो मिळत नाही, म्हणून शहाणे लोक त्याआधीच हलवतात.

पेवाची जागा गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली. गोदामात हळद पोत्यांत राहते, हवा लागते, त्यामुळे भुंग्यासाठी वेळोवेळी धुरी द्यावी लागते. शीतगृहात कीड आटोक्यात राहते आणि रंगही टिकतो, पण पोत्यामागे दरमहा भाडे चढते. बाहेर काढलेल्या थंड मालावर दमट हवेत पाणी धरते, म्हणून तो लगेच उघडून चालत नाही. पेवात माल तीन वर्षे थोपवून भावाची वाट पाहणे परवडे. भाड्याच्या हिशेबात ते बसत नाही. सांगलीची ताकद थांबण्यात होती, आणि थांबणे आता महाग झाले.

दरम्यान पीकही सरकले. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने सुधारित वाण दिले तरी कृष्णाकाठची बरीच जमीन उसाकडे आणि द्राक्षाकडे गेली, आणि हळदीचे मोठे क्षेत्र मराठवाड्यात हिंगोली, वसमत, नांदेडकडे उभे राहिले. तिथली हळद एके काळी परपेठ म्हणून सांगलीत येई; आता हिंगोली आणि वसमत याच मोठ्या पेठा आहेत. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते मिळते ठरावीक प्रदेशातल्या पिकाला. या पेठेतून गेलेल्या परपेठ मालाला ते नाव लावता येत नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी 2025 मध्ये सुरू झाले आणि त्याचे मुख्यालय निजामाबादला गेले. सांगलीकडे राहिले आहेत ते पॉलिश व दळपाचे कारखाने, परराज्यांत ओळखी असलेले खरेदीदार आणि उधारीचा भार पेलणारे आडते. कर्नाटकातला शेतकरी अजूनही सांगलीला गाडी आणतो तो यांच्यासाठी, कारण दिवसाअखेर सगळा माल उचलला जाण्याची खात्री लहान पेठेत मिळत नाही.