कार्डाची चिप बँकेला नेमके काय सांगते?

‘एटीएममध्ये कार्ड घालण्याआधी कॅन्सलचे बटण दोनदा दाबा, म्हणजे कुणी पिन चोरायचा सापळा लावला असेल तर तो निकामी होतो.’ रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरणारा हा निरोप बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप गटांत अधूनमधून पुन्हा उगवतो. रिझर्व्ह बँकेने असे काही सांगितलेले नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही तो खोटा ठरवला आहे. थोडा विचार केला तरी त्यातला फोलपणा कळतो. पिन चोरणारा कीपॅडच्या वर बारीक कॅमेरा लावतो, नाहीतर खऱ्या कीपॅडवर बनावट कीपॅड बसवतो. ती त्याची स्वतंत्र उपकरणे. तुम्ही कॅन्सल दाबल्याचे एटीएमला कळते, त्या उपकरणांना त्याचे काहीच सोयरसुतक नसते. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाकणे हा उपाय मात्र खरोखर उपयोगी आहे.

कार्डाच्या चोरीबद्दल आपल्याकडे भीती भरपूर आहे, पण कार्ड काम कसे करते याची माहिती फारशी नाही. म्हणून आधी ते पाहू.

कार्डाच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असते. व्यवहारासाठी तिच्यातला जो माग (ट्रॅक, म्हणजे माहितीची एक ओळ) वाचला जातो, त्यात जेमतेम ४० चिन्हे मावतात: कार्ड क्रमांक, मुदतीचा महिना आणि वर्ष, तीन अंकी सेवा-कोड आणि बँकेने घातलेले आणखी काही अंक. पट्टी विचार करत नाही. कुणीही वाचक-यंत्र फिरवले की ती तीच ४० चिन्हे ओकते. एटीएमच्या फटीवर चोराने चिकटवलेल्या यंत्राला, म्हणजे स्किमरला, एवढे पुरते. ती चिन्हे कोऱ्या कार्डावर उतरवली की पट्टीची हुबेहूब प्रत तयार.

बँकांनी यात एक सुंदर पाचर मारून ठेवली आहे. सेवा-कोडचा पहिला अंक २ किंवा ६ असेल तर त्याचा अर्थ ‘या कार्डाला चिप आहे, पट्टी नको, चिप वाच’. चोर म्हणेल, मी तो अंकच बदलतो. पण पट्टीत सीव्हीव्ही नावाचा एक पडताळणीचा आकडाही दडलेला असतो. कार्ड क्रमांक, मुदत आणि सेवा-कोड या तिन्हींवर बँक आपल्या गुप्त किल्लीने गणित करते आणि त्यातून तो निघतो. सेवा-कोड बदलला की सीव्हीव्ही जुळत नाही आणि बँक नकार देते. मागच्या बाजूला छापलेले तीन अंक हा याचाच भाऊ, पण तो काढताना सेवा-कोडच्या जागी ००० धरतात. चिपमध्ये साठवलेला तिसरा भाऊ काढताना ९९९ धरतात. एकाच कार्डाचे तीन सीव्हीव्ही! त्यामुळे चिपमधून चोरलेले आकडे पट्टीवर लिहून चालत नाहीत, आणि पट्टीवरचे आकडे इंटरनेटवर खपत नाहीत. अर्थात बँक ते तपासत असेल तरच.

आता चिप. मला वाटते, आपल्या खिशात असलेल्या वस्तूंमधली ही सगळ्यात हुशार वस्तू आहे, आणि तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

चिप म्हणजे चिमुकला संगणक. कार्ड तयार होताना बँक तिच्यात एक गुप्त किल्ली ठेवते. बँकेची मूळ किल्ली आणि तुमचा कार्ड क्रमांक यांच्यापासून ती काढलेली असते, म्हणून प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी. ती चिपमधून बाहेर येत नाही. ‘तुझी किल्ली सांग’ अशी आज्ञाच चिपला समजत नाही.

समजा, खडेबाजारात तुम्ही १,८५० रुपयांची साडी घेतली आणि कार्ड मशीनमध्ये खोचले. मशीन चिपला काही गोष्टी कळवते: रक्कम, चलनाचा कोड (रुपयाचा ३५६), तारीख, देशाचा कोड आणि त्याच क्षणी स्वतः निवडलेला ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) एक स्वैर आकडा. चिप त्यात आपला मोजणी-आकडा घालते. तो प्रत्येक व्यवहाराला एकने वाढतो, मागे कधीच येत नाही. १६ बिटांचा असल्यामुळे तो ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. मग किल्ली आणि मोजणी-आकडा मिळून त्या एका व्यवहारापुरती उपकिल्ली तयार होते. त्यानंतर सगळा मजकूर आठ-आठ बाइटांच्या, म्हणजे ६४-६४ बिटांच्या, तुकड्यांत मोडला जातो. पहिला तुकडा उपकिल्लीने सांकेतिक करायचा, जे येईल ते दुसऱ्या तुकड्यात मिसळायचे, पुन्हा सांकेतिक करायचे, ते तिसऱ्यात मिसळायचे, असे शेवटपर्यंत. सरतेशेवटी ६४ बिट उरतात. हे चिपचे उत्तर.

मशीन हे उत्तर बँकेकडे पाठवते. मूळ किल्ली बँकेकडे असल्याने ती तुमच्या चिपची किल्ली नव्याने काढते, तीच आकडेमोड करते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. जुळली तर खात्यातली शिल्लक बघायची, नाहीतर व्यवहार तिथेच थांबला. यातले सौंदर्य असे की १,८५० ऐवजी १,८५१ झाले तरी उत्तरातले सरासरी निम्मे बिट उलटतात. अंदाजाने बरोबर उत्तर मारायचे म्हटले तर शक्यता आहेत १.८ गुणिले १० चा १९ वा घात इतक्या. आणि कुणी मधल्यामध्ये हे उत्तर चोरलेच, तरी पुढच्या व्यवहाराला मोजणी-आकडाही वेगळा आणि मशीनचा स्वैर आकडाही वेगळा. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीची पावती मिळते, तिच्यावर गाडी नंबर, वजन, तारीख, अनुक्रमांक असतो. तीच पावती दाखवून दुसऱ्या खेपेचे पैसे मागता येत नाहीत. चिपचे उत्तर ही अशी पावती आहे, आणि किल्ली हाती नसलेल्याला तिची नक्कल छापणे शक्य नाही.

म्हणून ‘खिशातले कार्ड लांबून वाचून पैसे पळवतात, आमचे खास पाकीट घ्या’ या जाहिरातींना घाबरू नये. न खोचता, नुसते टेकवून पैसे देतानाही चिप असेच एकदाच चालणारे उत्तर देते. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता असे पैसे देता येतात. तिथला खरा धोका कार्ड हरवण्याचा आहे, आणि ही सोय बँकेच्या ॲपमधून बंद करून ठेवता येते.

पिनचा विषय निघालाच आहे तर अंकशास्त्राबद्दल कळकळीने सांगतो. गाडीच्या नंबराप्रमाणे पिनचीही बेरीज ‘शुभ’ ९ आणण्याचा सल्ला देणारे आहेत. चार अंकी पिन १०,००० होतात. ज्यांच्या अंकांची बेरीज थेट ९ भरते असे त्यांतले फक्त २२०. बेरजेची पुन्हा बेरीज करून ९ आणले, तरी १,१११. शुभ अंकाच्या नादात आपण चोराचे काम कितीतरी पटींनी हलके करून देतो.

चिप एवढी पक्की, तर पैसे जातात कसे? एक वाट ऑगस्ट २०१८ मध्ये दिसली. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. भारतात काढलेल्या रकमेतली काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून. चिपची किल्ली कुणी फोडली नव्हती. चोरांनी एटीएमच्या प्रश्नांना बँकेच्या वतीने उत्तर देणारा बनावट स्विच मध्ये बसवला आणि तो प्रत्येक मागणीला ‘होय, द्या’ म्हणत राहिला. तपासणारी जागाच ताब्यात गेल्यावर काय तपासले जाणार? नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिलेलीच होती.

दुसरी वाट आपल्या रोजच्या जगण्यातली आहे, आणि मला जास्त चिंता तिची वाटते. इंटरनेटवर खरेदी करताना चिप खोचायला जागा नसते. तिथे छापलेला क्रमांक, मुदत, तीन अंक आणि ओटीपी. दुकानदारांकडून क्रमांक फुटू नयेत म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांना ते साठवून ठेवायला बंदी आहे. त्याऐवजी त्या दुकानापुरताच चालणारा बदली आकडा, म्हणजे टोकन, ठेवतात. राहिला ओटीपी. चिपच्या उत्तरात रक्कम गणितानेच बांधलेली असते. ओटीपीच्या सहा अंकांना ती दिसत नाही. अंक आणि रक्कम यांची सांगड तुम्ही घालायची, तीही निरोपातला मजकूर वाचून.

आणि तो मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यातले आजोबा देवनागरी वाचतात, पासबुकातले आकडे चोख वाचतात, बाजारात कानडीही बोलतात. ‘४९,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी’ हे इंग्रजी वाक्य मात्र त्यांच्यासाठी नुसती अक्षरे असतात. तेवढ्यात फोनवरचा माणूस गोड बोलून म्हणतो, ‘आजोबा, पेन्शन बंद पडू नये म्हणून नंबर पाठवलाय, तो सांगा.’ विश्वास बसावा म्हणून कार्डाचे पहिले सहा अंकही म्हणून दाखवतो. ते अंक बँकेची आणि कार्डाच्या प्रकाराची ओळख सांगतात, त्याच प्रकारच्या असंख्य कार्डांवर तेच असतात; ते माहीत असणारा माणूस बँकेतला असेलच असे नाही. यात आजोबांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या कड्यावर सगळी सुरक्षा टांगली आहे, ते कडे ग्राहकाच्या भाषेत असायला हवे, मराठीत आणि कानडीतही.

नियमांत या दोन वाटांचे फळ फार वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा चोरीची तक्रार बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत केली तरीही बोजा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी केली, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. पण ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून पहिल्या मिनिटाला कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, मग शाखेत लेखी अर्ज देऊन त्यावर तारीख-वेळेसह पोच घ्या. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादातली रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे. पोलिसांकडे जायचे तर सायबर गुन्ह्यांसाठी बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ) ठाणे आहे. चोर परराज्यातला आहे म्हणून तक्रार नाकारता येत नाही.

दिवस मोजताना सीमाभागात एक गोष्ट ध्यानात ठेवा. बँकेचा निरोप मिळाल्याचा दिवस धरत नाहीत, आणि पुढचे कामकाजी दिवस तुमच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाने मोजतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुटी कोल्हापूरच्या शाखेला असते, बेळगावच्या शाखेला नसते. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवामुळे बेळगावची शाखा बंद, कोल्हापूरची चालू. खाते कोणत्या गावी उघडले होते, ते पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेले असते.