‘मशीनला थोडा करंट येतो’ : आमच्या गाळेधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंधेरी, साकीनाका, कुर्ला या भागांतील लहान कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये वायरिंगच्या कामासाठी गेल्यावर एक वाक्य आमच्या कानांवर वारंवार पडते : “मशीनला थोडा करंट येतो, पण चालतंय.” हे माहितीपत्रक आम्ही त्या एका वाक्यासाठीच काढले आहे.

यंत्राच्या लोखंडी अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा दोन दोष एकाच वेळी झालेले असतात. आतल्या वायरचे इन्सुलेशन कोठेतरी खराब झालेले असते आणि तो गळणारा प्रवाह जमिनीत वाहून नेणारे अर्थिंग तुटलेले किंवा निकामी झालेले असते. दाब पूर्ण २३० व्होल्टचाही असू शकतो. झटका हलका वाटतो तो बहुधा त्या वेळी कामगाराचा हात कोरडा आणि पायात रबरी चप्पल असते म्हणून. सुमारे १ मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) प्रवाहाला झिणझिण्या जाणवतात, १० च्या आसपास हाताचे स्नायू आवळले जाऊन पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या पुढे श्वास थांबण्याचा व हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. घामाने किंवा पावसाने अंग ओले झाले, की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, आणि मग तेच यंत्र शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह पाठवू शकते. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती, तर ७ वॅटचा एलईडी दिवा साधारण तेवढाच प्रवाह घेतो. जूनमध्ये गाळ्याच्या फरशीवर ओल येते. मे महिन्यातला ‘थोडा करंट’ त्यानंतर थोडा राहत नाही.

“आमच्याकडे एमसीबी आहे” असे उत्तर आम्हांला अनेकदा मिळते. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच, आवश्यकच आहे, परंतु ती वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे वाहू देते. माणसासाठी असते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला, की ती सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. तिच्यावरील टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही ती पडली नाही, म्हणजे बंद झाली नाही, तर ती बसवलेली नाही असेच समजावे. मात्र एका हातात फेज (वीज आणणारी वायर) आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल (परतीची वायर) आला, तर तिला फरक दिसत नाही व ती वाचवू शकत नाही, हेही आपल्या माणसांना सांगून ठेवावे. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती वगळून थेट जोडणी करून देण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही.

एका गाळ्यात थ्री-पिन प्लग जुन्या बोर्डात बसत नव्हता म्हणून त्याची मोठी पिन कापून टाकलेली आम्ही पाहिली. ती पिन अर्थिंगची होती, आणि त्या ड्रिल मशीनवर काम करणारा मुलगा जेमतेम वीस वर्षांचा होता. समुद्राच्या खाऱ्या हवेने या शहरात अर्थिंगचे जोड आतून गंजतात. बाहेरून पट्टी शाबूत दिसते, पण मोजणी केल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

विजेच्या अपघातात प्रत्येक जखम विजेचीच असते असे नाही. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला हलका झटका बसला तरी तो खाली पडून डोक्याला किंवा मणक्याला मार लागतो, आणि पॉवर प्रेसजवळचा हात दचकून डायखाली (साच्याखाली) जाऊ शकतो. बोट तुटल्यास तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात टाकू नये.

एखादा माणूस यंत्राला चिकटला असेल, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ते शक्यच नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने त्याला दूर करावे. श्वास बंद असेल, तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. भाजलेल्या जागेवर, पुरवठा बंद झाल्याची खात्री करून, वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये.

आमची सर्वांत कळकळीची विनंती पुढची आहे. झटका बसलेला माणूस उठून “मला काही झालं नाही, शेठ” म्हणाला, तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्वचेवर डाळीएवढा डाग दिसत असताना आत स्नायू जळालेले असू शकतात, आणि त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करू शकतात. लघवीचा रंग गडद होणे ही त्याची खूण आहे. हृदयाची तपासणी ईसीजीशिवाय होत नाही. रोजंदारी बुडेल या भीतीने कामगार दुखणे लपवतो, म्हणून त्या दिवसाचा रोज आपण आधीच कबूल करावा.

विजेमुळे मृत्यू किंवा इजा झाल्यास वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकांना कळवावे लागते, आणि कामामुळे झालेल्या दुखापतीच्या भरपाईची जबाबदारी आपल्या देशातील कायद्याने १९२३ पासून मालकावर टाकलेली आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीसाठी संपूर्ण गाळ्याचा पुरवठा बंद ठेवावा लागतो. त्यामुळे आपली साप्ताहिक सुट्टी आम्हांला आधी कळवावी आणि ज्या यंत्राला ‘थोडा करंट’ येतो, त्यावर खडूने फुली मारून ते तोपर्यंत बंद ठेवावे.